बुडाशी शिसं, मनाला धीर

गाडीमागे ट्रेलर जोडून नेता येणाऱ्या छोट्या शिडाच्या बोटीत जन्मापासूनच एक भांडण असतं. रस्त्याला ती हलकी हवी, पाण्याला जड. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर बिनघोर ओढता येतो. त्यापुढे गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाचं गणित मांडावं लागतं. म्हणून बांधणारा किलोकिलोने वजन छाटत जातो. पण पाण्यात उतरल्यावर त्याच बोटीवर सात-आठ मीटरची डोलकाठी उभी राहते, तिच्यावर वारा भरलेलं शीड चढतं आणि सगळा डोलारा सावरून धरायला बुडाशी काहीतरी जड लागतं. जुने दर्यावर्दी या वजनाला नीरम म्हणत. आता सगळीकडे बॅलास्ट म्हणतात.

अमेरिकेत आणि युरोपात अशा बोटी हजारोंनी आहेत आणि त्यांच्या मालकांचा एक आवडता उद्योग म्हणजे कारखान्याने दिलेल्या नीरमात घरची भर घालणं. कारण साधं असतं. रविवारी वाऱ्याचा एक झोत येतो, बोट वीस-पंचवीस अंश कलते, कपबश्या घरंगळतात, पाहुणे कठडा घट्ट धरून बसतात. पुढच्या आठवड्यात मालक शिशाच्या विटा, छऱ्यांच्या पिशव्या, पाणबुड्यांच्या पट्ट्यातली वजनं, नाहीतर व्यायामशाळेतल्या जुन्या लोखंडी चकत्या गोळा करून बोटीच्या तळाशी रचतो. बोट जरा कमी डुलते. सगळ्यांना बरं वाटतं.

हे बरं वाटणंच तपासायला हवं. बोट कमी डुलणं आणि बोट आडवी झाल्यावर पुन्हा उभी राहणं हे दोन निराळे गुण आहेत. घरी घातलेलं वजन बहुतेक वेळा पहिल्यासाठी असतं आणि समाधान मात्र दुसऱ्याचं मिळतं.

एक ढोबळ हिशेब करून पाहावा. समजा शंभर किलो शिसं तळाच्या फळ्यांखाली ठेवलं. ट्रेलरवरच्या बोटी उथळ बुडाच्या असतात. तिथला तळ पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम वीस सेंटीमीटर खाली असतो. बोट वीस अंश कलली की हे शिसं तिला सावरायला सुमारे ७ किलो-मीटर (वजन गुणिले अंतर) इतका जोर लावतं. आता ७५ किलोचा एक माणूस बोटीच्या मध्यावरून उठून वाऱ्याकडच्या काठावर, ८० सेंटीमीटर अंतरावर जाऊन बसला, तर त्याचा जोर भरतो सुमारे ५६. म्हणजे शंभर किलो शिशाचं काम एक सडपातळ माणूस जागा बदलून आठपट करतो, तेही ट्रेलरवर एक किलोही न वाढवता. तेच शिसं १.२ मीटर खोल जाणाऱ्या कीलच्या, म्हणजे बुडाखालच्या उभ्या पात्याच्या, टोकाला बसवलं, तर त्याच वीस अंशांवर ते ४१ चा जोर देतं आणि बोट पूर्ण आडवी झाली की हा आकडा १२० च्या घरात जातो. तोवर काठावर बसलेला माणूस पाण्यात पडलेला असतो.

या चार आकड्यांत जवळजवळ सगळा वाद येतो. रोजच्या वाऱ्यात बोटीला तिच्या बुडाची रुंदी आणि माणसांची चपळाई सावरते. नीरम खऱ्या कामाला येतं ते बोट फार कलल्यावर, आणि तेव्हाही ते खोल असेल तरच. तळाच्या फळ्यांखाली रचलेल्या विटा या दोन्ही वेळांना अर्धवट पडतात. त्यापेक्षा वारा वाढण्याआधी शीड आखडून घेणं, म्हणजे रीफ घेणं, स्वस्त आणि जास्त परिणामकारक. कलण्याचं कारण वर असताना उपाय खाली शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. तरीही विटा खपतात, कारण रीफ घेणं शिकावं लागतं आणि विटा विकत मिळतात.

शिसंच का, तर ते आटोपशीर म्हणून. शंभर किलो शिसं नऊ लिटरपेक्षाही कमी जागेत बसतं. तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटला चाळीसेक लिटर जागा लागते आणि पाण्याला पूर्ण शंभर. लोखंड मधलं, पण खाऱ्या पाण्यात ते गंजतं आणि बोटीचा तळ ही सदा ओलसर जागा. शिसं विषारी असल्याने ते हाताळताना हातमोजे घालायचे, एवढं पथ्य पाळलं तर त्याला तोड नाही.

आता ते हलतं का, हा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या बंदरात शर्यती लावणाऱ्या काही बोटींवर वाळू-खडीच्या पिशव्या हेच नीरम असे. प्रत्येक वळणाला धट्टीकट्टी माणसं त्या पिशव्या उचलून वाऱ्याकडच्या बाजूला फेकत. अफाट शीड, उथळ बूड आणि हातांनी हलवलेलं वजन. एक वळण चुकलं की बोट पालथी. तिथे निदान वजन माणसं हलवत होती. तळाशी मोकळ्या ठेवलेल्या विटा स्वतःहून हलतात, आणि त्या नेमक्या खालच्या बाजूला जातात.

याचा सर्वांत कडू धडा फार मोठ्या जहाजाने दिला आहे. जर्मनीचं चार डोलकाठ्यांचं ‘पामिर’ सप्टेंबर १९५७ मध्ये अर्जेंटिनातून बार्ली घेऊन हँबर्गला चाललं होतं. बहुतेक धान्य मोकळंच भरलेलं होतं. नीरमाच्या पाण्यासाठी असलेल्या टाक्यांतही धान्यच भरलं होतं, त्यामुळे ऐन वादळात तिथे पाणी घ्यायची सोय उरली नव्हती. कॅरी या चक्रीवादळात जहाज कललं, धान्य एका बाजूला सरकलं आणि ८६ जणांपैकी ६ वाचले. पाच-सहा मीटरच्या बोटीत आकडे लहान होतात, नियम तोच राहतो. म्हणून जाणते लोक प्रत्येक वीट पट्ट्यांनी आवळतात, रेझिनने चिकटवतात आणि बोट आडवी झाली तरी ती जागची हलणार नाही याची खात्री करतात.

वर-खाली फिरणाऱ्या कीलच्या बोटींत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक बटलर यांनी काढलेली कॅटालिना २२ ही ट्रेलरवरच्या बोटींतल्या सर्वांत लोकप्रिय नावांपैकी एक. तिच्या फिरत्या कीलचं ओतीव लोखंडी पातं ५५० पौंडांचं, म्हणजे अडीचशे किलोंचं असतं. उथळ पाण्यात ते वर घ्यायचं, खोल पाण्यात खाली सोडायचं. खाली सोडल्यावर खीळ घालून पक्कं केलं नाही, तर बोट उलटताना हेच पातं परत खाचेत मिटू शकतं आणि अडीचशे किलो नेमके चुकीच्या जागी येतात. अशा बोटीत आणखी शंभर किलो घालणाऱ्या माणसाने आधी ती खीळ, तो बिजागरीचा बोल्ट आणि पातं उचलणारी तार पाहिली का, हे विचारायला हवं. नवं वजन विकत घेण्यापेक्षा असलेलं वजन जागेवर ठेवणं कमी आकर्षक वाटतं, एवढीच अडचण आहे.

वाढवलेल्या वजनाची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते आणि ती यादी मालकाला सहसा कोणी वाचून दाखवत नाही. पाण्याच्या पातळीवर बोटीचं आडवं क्षेत्रफळ आठ चौरस मीटर असेल, तर दर ८० किलोंमागे ती एक सेंटीमीटर खाली बसते. एक सेंटीमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं. पण ज्या बोटीचा काठ पाण्यापासून मुळातच हातभर उंच, तिथे शिसं, पेटी, बॅटरी, इंधन आणि पाहुणे मिळून लाट आत यायला वाट करून देतात. जास्त सावरणाऱ्या बोटीत वाऱ्याचा जोर कलण्यात निघून जात नाही. तो डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारांवर येतो. त्या तारा मूळ वजनाच्या हिशेबाने निवडलेल्या असतात.

ट्रेलरचं गणित वेगळंच. बोटीच्या मागच्या भागात शंभर किलो वाढले, तर गाडीच्या आकड्यावर येणारा भार कमी होतो आणि महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मग बुडण्याचा प्रश्न. बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून बांधणारे कोपऱ्यांत फोम भरतात. तो मूळ बोटीपुरता मोजलेला असतो. दोनशे किलो शिसं पाण्यात बुडाल्यावरही सुमारे १८२ किलो वजन दाखवतं. म्हणजे त्याच्यासाठी जवळजवळ दोनशे लिटर जादा फोम घालायला हवा. शिसं घालणारे पुष्कळ, त्याच्या बरोबरीने फोम घालणारे फार थोडे. जी बोट पूर्वी पालथी होऊनही तरंगत राहिली असती, ती आता सरळ तळ गाठते. आणि हे मालकाने सुरक्षिततेच्या नावाखाली केलेलं असतं.

नीरम वाढवायला बोटीत जागा हवी, हे तर चारशे वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या बंदरात सगळ्या शहराने पाहिलं. १० ऑगस्ट १६२८ रोजी ६४ तोफांचं ‘वासा’ पहिल्याच फेरीत जेमतेम १,३०० मीटर जाऊन बुडालं. आधी तीस खलाशांना डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे पळवून चाचणी घेतली होती; तीन खेपांतच जहाज इतकं डोलायला लागलं की ती थांबवावी लागली. तळात सुमारे १२० टन दगड होते. आणखी घातले असते तर तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. चूक वरच्या मजल्यावर होती, ती तळात दगड भरून सुधारण्याजोगी नव्हती.

रस्ता आणि पाणी यांच्या भांडणावर सर्वांत चतुर तोडगा निघाला तो पाण्याच्याच टाकीचा. फ्रान्सच्या एरिक तबार्ली यांनी १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो एकट्याच्या शर्यतीत ‘पेन ड्युइक ५’ या बोटीत दोन्ही बाजूंना टाक्या बसवल्या, वाऱ्याकडच्या टाकीत पाणी खेचलं आणि शर्यत जिंकली. कॅलिफोर्नियातल्या मॅकग्रेगर कंपनीने १९८० च्या दशकात ही कल्पना सामान्य कुटुंबाच्या बोटीत आणली, वेगळ्या रूपात. बोटीच्या बुडाशी एक टाकी. पाण्यात उतरल्यावर झडप उघडायची, टाकी भरायची, झडप बंद करायची. परत रॅम्पवर ओढताना पाणी सोडून द्यायचं. अर्धा टन वजन तलावाचं, ओढणाऱ्या गाडीला त्याची खबरही नाही.

पाण्याचं नीरम बिनकामाचं, असं नाकं मुरडून म्हणणारे पुष्कळ आहेत. ते अर्धं खरं आहे. टाकी पाण्याच्या पातळीखाली असेपर्यंत तिच्यातलं पाणी बोटीला फारसं धरून ठेवत नाही. बोट इतकी कलली की टाकीची एक बाजू पाण्याबाहेर उचलली जाते, तेव्हा ते वजन खऱ्या अर्थाने ओढायला लागतं. म्हणून अशी बोट सुरुवातीला पटकन कलते आणि मग एका मर्यादेवर अडून राहते. नवख्याला ती घाबरवते, पण तिचा हिशेब चुकलेला नसतो. टाकी मात्र काठोकाठ भरलेली हवी. अर्धी टाकी रिकाम्या टाकीपेक्षाही वाईट ठरू शकते, कारण आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं.

खरा धोका टाकीत नाही, झडपेवर हात असलेल्या माणसात आहे. मॅकग्रेगरच्या नंतरच्या बोटींना पन्नास अश्वशक्तीचं इंजिन बसवता येत होतं आणि टाकी रिकामी असली की त्या पळत सुटत. जे वजन काढून टाकल्यावर मजा येते ते वजन कोणीतरी काढणारच. ४ जुलै २००२ ला अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात लेक शॅम्प्लेनवर मॅकग्रेगर २६ जातीची एक बोट उलटली आणि दोन लहान मुलं बुडाली. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि नीरमाची टाकी पूर्ण भरलेली नव्हती. मद्यपान करून बोट चालवल्याबद्दल चालकाला शिक्षा झाली, ते योग्यच. पण टाकी रिकामी असली तर बोट उलटल्यावर आपोआप उभी राहणार नाही, हा इशारा माहितीपत्रकात असून भागत नाही. रात्रीच्या अंधारात, डझनभर माणसांच्या कलकलाटात, टाकी भरलेली आहे की नाही हे नुसत्या नजरेला दिसायला हवं. पुढच्या २६ एम या मॉडेलमध्ये पाण्याच्या ११५० पौंडांबरोबर ३०० पौंड कायमचं नीरम आलं. काढता न येणाऱ्या वजनाची गरज बांधणाऱ्यानेही ओळखली, असाच त्याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्या टोकाला नीरमाला फाटा देणारी परंपरा आहे, आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणं चूक ठरेल. ब्रिटनचे फ्रँक डाय १९६४ मध्ये स्कॉटलंडहून नॉर्वेला गेले ते वेफेरर नावाच्या सोळा फुटी उघड्या बोटीतून. तिच्यात कायमचं नीरम नाहीच. माणसं हेच नीरम. वादळात ती अनेकदा पालथी झाली, डोलकाठी मोडली, तरी डाय आणि त्यांचे साथीदार तिला सरळ करून, पाणी उपसून नॉर्वेला पोहोचले. त्यांना आपली बोट उलटते हे माहीत होतं आणि उलटलेली बोट उभी कशी करायची हेही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या वृत्तपत्रात उपसंपादक असलेल्या रॉबर्ट मॅन्री यांनी अगदी उलटा मार्ग घेतला. त्यांनी साडेतेरा फुटी जुन्या ‘टिंकरबेल’ला केबिन चढवली, वजनदार धातूचं खालवर होणारं कील दिलं, कोपऱ्यांत फोम भरला आणि ७८ दिवसांत एकट्याने अटलांटिक ओलांडला. लाटांनी बोट आडवी पाडली की ती परत उठायची. मॅन्री दोरीने बांधलेले होते म्हणून तेही परत यायचे. लक्षात घेण्यासारखं हे की त्यांनी वजन, फोम आणि दोरी या तिन्हींचा एकत्र विचार केला होता.

कोकणात हा प्रश्न फार पूर्वी तिसऱ्याच रीतीने सुटला आहे. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर अरुंद होडीच्या एका बाजूला दांड्यांवर लाकडी ओंडका बांधून उलांडी काढतात. वजन वाढवायचं नाही, आधार लांब न्यायचा. आणि खोल, कायमच्या नीरमाचं मोल पाहायचं तर तेही फार दूर नाही. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात ‘थुरिया’ बांधली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरात कमांडर अभिलाष टॉमी यांची हीच बोट वादळात गटांगळी खाऊन डोलकाठ्या गमावून बसली. टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण बोट सरळ उभी राहून तरंगत राहिली आणि मदत येईपर्यंत त्यांना आसरा उरला. ट्रेलरवरच्या बोटीला तेवढं वजन आणि तेवढी खोली परवडत नाही. तिच्या मालकाने मग त्या सुरक्षिततेचा दावाही करू नये.

ग्राहकाला यातलं काय कळतं? अमेरिकेत वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर किती माणसं, किती वजन ही पाटी लावणं सक्तीचं आहे. शिडाच्या बोटींना त्यातून सूट आहे. युरोपात १९९८ पासून बोटींना अ ते ड असे दर्जे द्यावे लागतात आणि त्यासाठी स्थैर्याचे आयएसओ १२२१७ हे निकष आहेत. पाटीवर माणसांची संख्या आणि कमाल भार असतो. पण बोट किती अंशांपर्यंत कलली तर परत उठते, हा एकच आकडा जो मालकाला खरोखर हवा, तो पाटीवर नसतो. पाण्याच्या टाकीच्या बोटीत तर दोन आकडे हवेत: टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना. उत्पादकाकडे स्थैर्याचा हिशेब असतो, त्यावरच बोटीला दर्जा मिळतो. मग तो कपाटात का राहावा, याला समाधानकारक उत्तर कोणी दिलेलं नाही.

हा केवळ हौशी लोकांचा मामला नाही. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला पर्यटकांची दुमजली बोट उलटून २२ जण गेले. ती मासेमारीच्या बोटीवर मजला चढवून केलेली होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि सगळ्यांना नीरमाचं औषध लागू पडत नाही. पण बोटीत फेरफार झाला, मजला चढला, इंजिन बदललं, वजन हललं, तर तिची कलण्याची परीक्षा पुन्हा व्हायला हवी, एवढी मागणी धरणातल्या प्रवासी बोटीलाही तितकीच लागू आहे.

छोट्या बोटीच्या बाबतीत ही परीक्षा एका दुपारचं काम आहे. शांत पाण्यात धक्क्याला बोट बांधायची, आतलं सामान आणि माणसं काढायची, झाकणं घट्ट लावायची आणि शीड चढवायच्या दोरीला लांब दोर जोडून डोलकाठी हळूहळू पाण्याकडे ओढायची. ती पाण्याशी समांतर झाली की दोरात स्प्रिंगचा काटा अडकवून ताण वाचायचा. आठ मीटरच्या डोलकाठीच्या टोकाला पंधरा-सोळा किलो लागले, तर बोटीत परत उठायचा जोर सव्वाशे किलो-मीटर आहे. काटा शून्याकडे गेला, तर दोर सुटल्यावर बोट परत येणार नाही. हा आकडा शिसं घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा घ्यावा, वहीत लिहावा, आणि बोट विकताना ती वही नव्या मालकाला द्यावी.